कफाची कुळकथा

दिवाळी अंकात कफावर लेख म्हणजे शंकरपाळ्यांच्या डब्यात कडुनिंबाची पाने, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण वाचकहो, खरे सांगा. आश्विन सरत आला, पहाटे गारठा जाणवू लागला, स्वयंपाकघरात तळणाचा आणि अंगणात फटाक्यांचा धूर कोंडला, की घरात पहिली तोफ कशाची उडते? लवंगीची नव्हे, घसा खाकरण्याची. उटणे लावून पाटावर बसलेले आजोबा खाकरतात, त्यांचे ऐकून बाबा खाकरतात, आणि फराळाची ताटे मांडली जाईपर्यंत निम्मे घर ‘हं-हं’ करीत असते. घशात काहीतरी अडकले आहे, ते वर येत नाही आणि खालीही जात नाही, ही तक्रार माणसाच्या अगदी जुन्या तक्रारींपैकी असली पाहिजे.

मी पेशाने शाळामास्तर आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. खडू आणि घसा ही मास्तराची दोन हत्यारे. त्यांतला खडू शाळा पुरवते, घसा मात्र घरचा आणावा लागतो. म्हणूनच या घशात ठाण मांडून बसणाऱ्या पाहुण्याचे मूळ गाव कोणते, हे शोधण्याचा मला नाद लागला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. औषध सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. गोष्ट सांगायला मात्र अधिकार लागत नाही.

साऱ्या गोष्टीचा गाभा एका साध्या प्रश्नात आहे. हा कफ येतो कुठून?

ग्रीकांनी याचे उत्तर दिले, आणि ते दोन हजार वर्षे टिकले. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी शरीरात चार रस मानले: रक्त, पिवळे पित्त, काळे पित्त आणि कफ. कफ थंड आणि ओला, म्हणून तो हिवाळ्याचा धनी. मौज अशी की त्याला त्यांनी जो ‘फ्लेग्मा’ शब्द लावला त्याचे मूळ ‘जळणे’ या अर्थाच्या धातूत आहे. सगळ्यांत थंड रसाचे नाव आगीवरून पडले! या कफाचे माहेर मेंदू. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमला नावारूपाला आलेल्या गॅलेनने ही कल्पना पक्की बांधून काढली. मेंदूतला टाकाऊ ओलावा खाली उतरतो, एका छोट्या ग्रंथीत जमतो, आणि नाकाच्या छपरावर जे छिद्राछिद्रांचे हाड आहे त्यातून गळत नाका-घशात येतो, असे त्याचे म्हणणे. शेंबूड म्हणजे मेंदूचे सांडपाणी!

आज आपल्याला हसू येते. पण गॅलेनला मूर्ख समजू नये. नाकाच्या वर खरोखरच एक हाड आहे आणि त्याला चहाच्या गाळणीसारखी छिद्रे आहेत. पडसे भरले की डोके जड होते, आणि नाक वाहून गेले की हलके होते. डोळ्यांना दिसणारे आणि जिवाला जाणवणारे दोन्ही पुरावे त्याच्या बाजूचे होते. अशा वेळी मीसुद्धा त्याच्याच वर्गात बसलो असतो.

या समजुतीचे भोग मात्र रोग्यांनी भोगले. मेंदू तुंबला आहे, त्याला वाट करून द्या, म्हणून शिंकांच्या पुडी हुंगवीत, रक्त काढीत, मानेवर जखम करून तीत दोरा ओवून ती मुद्दाम वाहती ठेवीत. ज्याला नुसते पडसे झाले होते, त्याला मानेवरचे गळू भेट मिळे.

आपल्याकडचा विचार वेगळ्या वाटेने गेला. आयुर्वेदातला कफ म्हणजे नुसता बेडका नव्हे, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. रोजच्या बोलण्यात आपण दोहोंची सरसकट गल्लत करतो. श्लेष्मा हा शब्द ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे, मिठी मारणे या धातूपासून झाला. सांधे जोडणारा, अंगाला ओलावा आणि घट्टपणा देणारा तो कफ. त्याची मुख्य जागा छाती, शिवाय जठर, जीभ, डोके आणि सांधे यांतही त्याची बिऱ्हाडे. थंडीत तो साठतो आणि वसंतातल्या उन्हाने वितळून त्रास देतो, असे ऋतुचर्या सांगते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, जागच्या जागी असलेल्या कफाला चरकसंहिता शरीराचे बळ मानते. बिघडला तरच तो मळ. हे वाक्य घोकण्यासारखे आहे, कारण पुढे विज्ञान फिरून फिरून याच उंबरठ्याच्या जवळपास आलेले दिसेल. अर्थात जवळपास; आपल्या पूर्वजांना सगळेच ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. आणखी एक गंमत: संस्कृतातला ‘प्रतिश्याय’ आणि आपले घरगुती ‘पडसे’ ही एकाच घराण्यातली. इतका जुना रोग की त्याचे नावसुद्धा घासून घासून गुळगुळीत झाले.

युरोपात १५४३ साली व्हेसेलियसने माणसाचे शरीर चिरून, डोळ्यांनी पाहून आपला थोर ग्रंथ छापला. गॅलेनच्या कितीतरी चुका त्याने काढल्या. पण मेंदूखालच्या त्या छोट्या ग्रंथीला त्यानेही नाव दिले ते ‘मेंदूचा कफ झेलणारी ग्रंथी’. लॅटिनमध्ये कफाला ‘पिट्युइटा’ म्हणतात; त्यावरून आजचे पिट्युइटरी हे नाव आले. वाढ, प्रसूती, अंगावरचे दूध अशा कितीतरी गोष्टींची सूत्रे हलवणारी ही ग्रंथी, आणि तिच्या नावाचा अर्थ पिकदाणी! मराठी पाठ्यपुस्तकांनी मात्र तिला पीयूषिका म्हटले. पीयूष म्हणजे अमृत. नावाचा नाद कायम ठेवून कफाचे अमृत करून टाकणाऱ्या त्या अनाम परिभाषाकाराला माझा नमस्कार.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला जर्मनीतल्या विटेनबर्गच्या एका प्राध्यापकाने. कॉन्राड व्हिक्टर श्नायडर त्याचे नाव; जन्म १६१४चा. त्याच्या बाळपणापासून पस्तिशीपर्यंत जर्मनी तीस वर्षांच्या युद्धात जळत होती. ते संपल्यावर हा गृहस्थ काय करीत बसला, तर नाकाच्या छपराचे हाड तपासत. १६६० पासून पुढच्या काही वर्षांत त्याने पडशावर लॅटिनमध्ये जाडजूड ग्रंथांची माळच लावली. इतक्या क्षुल्लक रोगावर इतके कागद! परंतु त्यात सांगितलेली गोष्ट लहान नव्हती. कोरड्या कवटीत हाडाची छिद्रे मोकळी दिसतात खरी; पण ताज्या शरीरात ती छिद्रे वासाच्या मज्जातंतूंनी आणि पडद्यांनी भरलेली असतात. तिथून बेडका गळायला वाटच नाही. मग शेंबूड येतो कुठून? नाकाच्या आतल्या ओल्या अस्तरातून. तो जिथे दिसतो तिथेच तयार होतो.

इतके साधे उत्तर! पाहुणा परगावचा नव्हताच, तो घरातलाच होता. पुढे लवकरच, सुमारे १६७० साली, इंग्लंडात रिचर्ड लोअरनेही हेच सिद्ध केले आणि मेंदूच्या गळतीची कथा संपली. निदान पुस्तकांत संपली. भाषेत ती अजून राहते आहे: इंग्रजीतला ‘कॅटार’ म्हणजे मुळात ‘खाली वाहणे’, आणि सांध्यांच्या दुखण्याचे ‘ऱ्हुमॅटिझम’ हे नावसुद्धा डोक्यातला ओघळ सांध्यांत उतरतो या समजुतीचेच अपत्य. श्नायडरचे नाव आज सामान्य माणसाला ठाऊक नाही. दात बसवणारे डॉक्टर मात्र वरच्या जबड्यात खिळा रोवताना गालाच्या पोकळीचे जे नाजूक अस्तर जपतात, त्याला अजून ‘श्नायडरचे अस्तर’ म्हणतात.

कुठून येतो हे कळले. कशासाठी येतो, हे कळायला आणखी अडीचशे वर्षे गेली.

या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या सूक्ष्म पेशी असतात. त्या, आणि अस्तराखालच्या ग्रंथी, हा चिकट रस पाझरतात. त्यात बहुतेक सारे पाणीच. थोडे क्षार आणि पाण्याला चिकटपणा देणारी म्युसिन नावाची प्रथिने. शेजारच्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक लव असते, आणि ती सेकंदाला दहाबारा वेळा शेतातल्या पिकासारखी डोलते. धूळ, काजळी, जंतू जे काही श्वासाबरोबर येईल ते या चिकट रसात अडकते आणि लव ते पुढे ढकलते. नाकातला प्रवाह मागे घशाकडे, फुप्फुसातला प्रवाह वर घशाकडे. घसा म्हणजे या दोन नद्यांचा संगम. नाका-घशात मिळून दिवसाला लिटरभर रस होतो असा अंदाज आहे, आणि तो आपण नकळत गिळत असतो. आवंढा गिळताना जठरातले आम्ल जंतूंचा निकाल लावते. म्हणजे कफ गिळला तर तो अंगात भिनेल ही आपल्या घरोघरची धास्ती निराधार आहे.

१९२१ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगला पडसे झाले होते. पेनिसिलिन सापडायला अजून सात वर्षे होती. त्याने आपल्याच नाकातला शेंबूड जंतूंच्या तबकडीवर घातला आणि पाहतो तो त्याभोवतालचे जंतू विरघळून गेलेले. शेंबडात, अश्रूंत, लाळेत जंतूंचे कवच फोडणारे एक द्रव्य असते. त्याला पुढल्या वर्षी लायसोझाइम हे नाव मिळाले. ज्याला लोक घाण म्हणून फेकतात तो दारावरचा पहारेकरी निघाला. चरकसंहितेतले ते बळ मला इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मग पहारेकरी एकाएकी इतका माजतो का? पुष्कळदा तो माजलेलाच नसतो. पाणी कमी प्यायले, हवा कोरडी असली, तोंडाने श्वास घ्यायची सवय असली, की तोच रस घट्ट होतो आणि घशाला जाणवू लागतो. पडशाचे विषाणू, धूळ, परागकण, खडूची पूड, उदबत्तीचा धूर यांनी अस्तर चिडले तर रस खरोखरच वाढतो आणि नाकामागून घशात ओघळतो. जुनाट सायनस हेही एक कारण. आणि एक कारण असे, की ते घशात कुणी शोधत नाही: जठरातले आम्ल रात्री वर येऊन घशाच्या मुळाशी पोचते. छातीत जळजळ नसतानाही असे होऊ शकते. दिवाळीत रात्री अकरा वाजता चिवडा-चकली खाऊन जो आडवा होतो, त्याने सकाळच्या खाकऱ्याचा दोष थंडीला देऊ नये.

विडी, सिगारेट, चुलीचा धूर यांची गोष्ट निराळी. धुराने ती डोलणारी लव लुळी पडते. कफ साठतो, आणि तो काढायला खोकल्याखेरीज दुसरी वाट राहत नाही. १९५२च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाचा धूर पाच दिवस धुक्यात कोंडून राहिला. त्या वेळी सुमारे चार हजार माणसे दगावल्याची गणती झाली, पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. आपल्या खेड्यांत तो धूर एका खोलीएवढा असतो आणि पाच दिवस नव्हे, जन्मभर असतो. चुलीपुढे बसलेल्या बाईचा खोकला हा तिच्या स्वभावाचाच भाग समजला जातो, याची मला चीड आहे.

बेडका कधी कधी साक्षीदारही असतो. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला, आणि तेव्हापासून थुंकी ही तपासायची वस्तू झाली. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीत रक्त दिसले, वजन उतरू लागले, गिळताना दुखू लागले किंवा आवाज तीन आठवड्यांनंतरही बसलेलाच राहिला, तर आल्याचे चाटण बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. नुसता रंग हिरवा-पिवळा झाला एवढ्याने मात्र घाबरू नये. तो रंग झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचा असतो. विषाणूच्या पडशातही तो येतो, आणि त्यावर प्रतिजैविकाची गोळी काही करीत नाही.

आता उताऱ्याकडे वळू. इथे आपल्या कुंपणावरच्या एका झुडपाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

अडुळसा कोकणात आणि देशावर कुंपणाला लावतात, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. त्याचे शास्त्रीय नाव ‘आधातोडा’ हे दक्षिणेकडच्या भाषांतून आले. शेळी शिवत नाही ती वनस्पती असा त्याचा अर्थ सांगतात. संस्कृतात तो वासा. आजी त्याची पाने वाफवून, कुटून, रस काढून मधातून चाटवीत असे. कडू तर असा की चाटण पाहिल्याबरोबर आमचा खोकला थांबे. १८८८ साली उटकमंडला सरकारी नोकरीत असलेल्या डेव्हिड हूपर या रसायनज्ञाने या पानांतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. वासा या नावावरून ते ‘व्हॅसिसीन’ झाले. याच हूपरने मुंबईचे डॉ. विल्यम डायमॉक आणि वॉर्डन यांच्याबरोबर हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला, तो भायखळ्याच्या छापखान्यात छापला गेला. पुढे जर्मन रसायनज्ञांनी व्हॅसिसीनच्या घडणीवरून ब्रोमहेक्झिन हे औषध बनवले आणि १९६३ साली ते बाजारात आले. ब्रोमहेक्झिन पोटात गेल्यावर शरीर त्याचे जे रूपांतर करते, ते म्हणजे अँब्रोक्सॉल. आज औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर ही दोन नावे सापडतील. आजीच्या कुंपणावरचे झुडूप जर्मनीला जाऊन, टाय-कोट घालून परत आले. मात्र गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. त्यातले तेच द्रव्य गर्भाशय आकुंचित करते.

घरगुती उपायांत मला सगळ्यांत भरवशाचे वाटतात ते सगळ्यांत साधे: भरपूर कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, आणि नाक मिठाच्या पाण्याने धुणे. नाकाला मात्र उकळून निववलेलेच पाणी घ्यावे. वाफाऱ्याने बरे वाटते. पण उकळत्या पातेल्यावर लेकराला वाकवणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण. मध चांगला, परंतु वर्षाच्या आतल्या बाळाला थेंबभरही नको. दुधाने कफ वाढतो ही समजूत पूर्वेला आहे तशी पश्चिमेलाही आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांना पडशाचे विषाणू देऊन हे तपासले गेले, तेव्हा दूध अधिक पिणाऱ्यांचा शेंबूड अधिक भरला नाही. दूध लाळेत मिसळले की काही क्षण घशाला दाट लागते, एवढेच.

आणि बाटलीतले औषध? १८९८ साली एका नामांकित जर्मन कंपनीने खोकल्यावर हेरॉइन विकायला काढले होते, हे सांगितले तर पटणार नाही, पण ते खरे आहे. त्याहून जवळची आणि काळीज हलवणारी गोष्ट २०२५ची. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले आणि वीसहून अधिक चिमुकल्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती गेली. त्यांतली कितीतरी उपचारांसाठी नागपूरला आणली होती. तेच विष १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसांचा बळी घेऊन गेले होते. त्या ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. बाळाचे पडसे बहुधा आठवड्याभरात आपण होऊन जाते. श्वास जोरात चालला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, दूध सुटले, तर मात्र रात्र उजाडायची वाट पाहू नये.

राहता राहिला तो ‘हं-हं’. आम्हा मास्तरांचा, कीर्तनकारांचा, गवयांचा हा खास रोग. खाकरताना घशातल्या दोन स्वरपट्ट्या एकमेकींवर जोराने आपटतात. त्या चिडतात, चिडलेल्या अस्तराला सांभाळायला आणखी रस सुटतो, तो जाणवला की आपण पुन्हा खाकरतो. अशाने दिवसाकाठी शंभर वेळा खाकरणारा माणूस स्वतःचा रोग स्वतःच पिकवत असतो. त्यापेक्षा घोटभर पाणी घ्यावे, तेही नसेल तर आवंढा गिळावा. तांब्या माझ्या टेबलावर असतो आणि पोरांनी त्याला ‘सरांचा तीर्थाचा गडू’ असे नाव ठेवले आहे.

या स्वरपट्ट्या जिवंत माणसात नीट प्रथम पाहिल्या त्या कुणा डॉक्टरने नव्हे, एका गाण्याच्या मास्तराने. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश घराण्यातला, जन्म १८०५चा. तरुणपणीच रंगभूमी सोडून तो शिकवणीकडे वळला. १८४१ साली स्वीडनची जेनी लिंड ही विशीतली गायिका फाटलेला आवाज घेऊन पॅरिसला त्याच्याकडे आली. त्याने तिला औषध दिले ते मौनाचे: सहा आठवडे गाणे बंद, बोलणेही होता होईल तो नको. त्यानंतर त्याने तिला शिकवायला घेतले, आणि पुढे तिच्या गळ्याने युरोप-अमेरिका वेडी झाली. आवाज नेमका कुठे आणि कसा निघतो हे गार्सियाला मात्र पाहायचे होते. १८५४ साली पॅरिसमध्ये एकदा ऊन चमकताना त्याला युक्ती सुचली. दातांच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा त्याने विकत घेतला, धुके धरू नये म्हणून गरम पाण्यात बुडवला, पडजिभेला टेकवला आणि दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचा कवडसा पाडला. समोर त्याचा स्वतःचा घसा उघडा होता. पुढल्या वर्षी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचायला पाठवला. थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी तो आरसा उचलला आणि घशाच्या रोगांचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले.

१७ मार्च १९०५ रोजी तो शंभर वर्षांचा झाला तेव्हा देशोदेशीचे घशाचे डॉक्टर लंडनला जमले. इंग्लंडच्या राजाने त्याला सन्मान दिला, जर्मनीच्या कैसराने सुवर्णपदक पाठवले, आणि सार्जंट या त्या काळच्या नामांकित चित्रकाराने काढलेले त्याचेच चित्र त्याला भेट मिळाले. त्या चित्रात पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा शिक्षक ताठ बसून आपल्याकडे पाहतो आहे.